भारतातील एड्सचा पहिला मागोवा : डॉ. सुनीती सॉलोमन

फेब्रुवारी १९८६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत मद्रासहून आणलेल्या काही रक्तनमुन्यांची तपासणी झाली. तपासणीचे तंत्र तेव्हा नवे होते. एलायझा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीत रक्तात एचआयव्ही विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे असतील, तर द्रावणाचा रंग बदलून पिवळा होतो. त्या दिवशी सहा नमुने पिवळे पडले. यंत्राची चूक असावी अशा शंकेने चाचणी पुन्हा करण्यात आली. निष्कर्ष बदलला नाही. पुढे अमेरिकेत झालेल्या अधिक काटेकोर तपासणीनेही त्यावर शिक्कामोर्तब केले. एचआयव्ही भारतात आला आहे, ही गोष्ट प्रथमच पुराव्यानिशी सिद्ध झाली होती.

हे संशोधन ज्यांच्या कल्पनेतून आणि मार्गदर्शनाखाली झाले, त्या मद्रास मेडिकल कॉलेजातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका म्हणजे डॉ. सुनीती सॉलोमन. माहेरच्या त्या सुनीती गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक होऊन चामड्याचा व्यापार करणाऱ्या एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आठ भावंडांत त्या एकुलत्या एक मुलगी. लहानपणी दरवर्षी लस टोचण्यासाठी आरोग्य अधिकारी घरी येत असत आणि या भेटींतूनच वैद्यकशास्त्राविषयीचे कुतूहल त्यांच्या मनात रुजले. व्यापारी घरातील मुलीने डॉक्टर होण्याचा ध्यास घ्यावा, ही त्या काळात सहज घडणारी गोष्ट नव्हती. मात्र वडिलांच्या नावाविषयी त्यांना आयुष्यभर वाटलेली आपुलकी पुढे त्यांच्या कार्याचीच ओळख बनली.

मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये शिकत असताना सॉलोमन व्हिक्टर या सहाध्यायी विद्यार्थ्याशी त्यांचा परिचय झाला. ते ख्रिस्ती, त्या हिंदू. दोघांनी विवाह केला. व्हिक्टर पुढे हृदयशल्यविशारद म्हणून नावारूपाला आले. सुनीती यांनी ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथे विकृतिशास्त्राचे प्रशिक्षण घेतले. परदेशात स्थिरावणे दोघांनाही अवघड नव्हते. परंतु आपल्या ज्ञानाची गरज भारतात अधिक आहे, या भावनेने १९७३ साली हे दांपत्य मायदेशी परतले. मद्रासला आल्यावर सुनीती यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आणि ज्या महाविद्यालयात त्या शिकल्या, तेथेच अध्यापन करीत त्या प्राध्यापकपदापर्यंत पोहोचल्या.

१९८१ साली अमेरिकेतील काही तरुण रुग्णांमध्ये एक अनाकलनीय आजार आढळला. एरवी निरोगी माणसाला सहसा न होणारा एक विशिष्ट न्यूमोनिया आणि त्वचेचा एक दुर्मीळ कर्करोग त्यांना ग्रासत होता. त्यांची रोगप्रतिकारशक्तीच खचलेली होती. १९८३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी या आजारामागचा विषाणू शोधला आणि १९८५ मध्ये रक्तचाचणी उपलब्ध झाली. भारतात मात्र या आजाराकडे पाश्चात्त्यांच्या स्वैर जीवनशैलीचे फळ म्हणून पाहिले जात होते. आपली कुटुंबव्यवस्था, आपले संस्कार यांमुळे आपण सुरक्षित आहोत, असा समज समाजात होता आणि वैद्यकीय वर्तुळही त्याला अपवाद नव्हते. मुंबई, पुणे, दिल्ली येथे आधी झालेल्या तपासण्यांतही काही हाती लागले नव्हते. त्यात मद्रास म्हणजे परंपरानिष्ठ शहर. तेथे हा विषाणू शोधणे अनेकांना हास्यास्पद वाटले असते.

सुनीती यांना ते तसे वाटले नाही. विषाणूला संस्कृतीच्या सीमा कळत नाहीत, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या अभ्यासकाला वेगळे सांगावे लागत नाही. प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या डॉ. सेल्लप्पन निर्मला या आपल्या विद्यार्थिनीला त्यांनी हाच विषय सुचविला. लहान गावातून आलेल्या आणि घरसंसार सांभाळून शिकणाऱ्या निर्मला आरंभी कचरल्या. मात्र पतीच्या पाठबळावर त्यांनी काम स्वीकारले. शहरात वेश्यावस्ती अशी नव्हती. रुग्णालयात येणाऱ्या काही स्त्रियांकडून माहिती मिळवीत त्या पोलिसांनी पकडलेल्या महिलांच्या सुधारगृहापर्यंत पोहोचल्या. हातमोजे नव्हते, सुरक्षेची साधने नव्हती. जमविलेले नमुने ठेवण्यासाठी स्वतंत्र सोय नसल्याने घरचा फ्रिजच प्रयोगशाळेचा भाग बनला. मद्रासमध्ये चाचणीची सुविधा नव्हती, म्हणून नमुने वेल्लोरला न्यावे लागले. तेथे डॉ. जेकब जॉन यांच्या प्रयोगशाळेत ती ऐतिहासिक तपासणी झाली.

मे १९८६ मध्ये तमिळनाडूचे आरोग्यमंत्री एच. व्ही. हांडे यांनी विधानसभेत ही माहिती जाहीर केली. प्रारंभी अनेकांनी ती खोटी ठरविण्याचा प्रयत्न केला. शहराची बदनामी झाल्याची भावनाही व्यक्त झाली. मात्र पुरावा नाकारण्याजोगा नव्हता. देशभर तपासणीची यंत्रणा उभारण्याचे काम त्यानंतरच वेगाने हाती घेण्यात आले.

या शोधाला दुसरीही एक बाजू होती आणि ती तितकीच महत्त्वाची आहे. ज्यांच्या रक्ताने देशाला जागे केले, त्या सहा स्त्रियांना त्यातून काय मिळाले? रक्त नेमके कशासाठी घेतले जात आहे, हे त्यांना सांगण्यात आले नव्हते. संशोधनासाठी सुजाण संमती घेण्याचा दंडक तेव्हा आपल्याकडे रूढ झालेला नव्हता. उपचार तर जगातच कोठे नव्हते. पहिले विषाणुरोधक औषध, म्हणजे झिडोव्हुडिन, १९८७ मध्ये मान्यता पावले. बाधित आढळलेल्यांमध्ये एक अवघ्या तेरा वर्षांची मुलगी होती. तिला पळवून आणून या व्यवसायात ढकलण्यात आले होते. नमुन्यावरचा क्रमांक म्हणजे एक जिवंत माणूस आहे आणि त्याला दोषी मानणारा समाजच अनेकदा त्याच्या स्थितीला जबाबदार असतो, याची प्रखर जाणीव सुनीती यांना या मुलीच्या कहाणीने करून दिली.

त्यानंतर देशाने जे पाहिले ते क्लेशकारक होते. तमिळनाडूत एचआयव्हीबाधित आढळलेल्या स्त्रियांना शिक्षेची मुदत संपल्यावरही सुधारगृहात अडकवून ठेवण्यात आले. १९९० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांची सुटका झाली. गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसूझा या तरुणाने रक्तदान केले आणि त्यातून तो बाधित असल्याचे उघड झाले. त्याला पोलिसांकरवी नेऊन म्हापशाजवळ क्षयरुग्णांसाठीच्या जुन्या आरोग्यधामात ६४ दिवस एकाकी डांबण्यात आले. रुग्णालयांत अशा रुग्णांना दाखल करून घेण्यास नकार मिळे, परिचारिका स्पर्श करण्यास धजत नसत, मृत्यूनंतर देह हाताळण्यासही कोणी पुढे येत नसे. विषाणूइतकीच त्याची भीती जीवघेणी ठरत होती.

या वातावरणात सुनीती यांनी आपल्या आयुष्याची दिशा बदलली. शोधनिबंध प्रसिद्ध करून, परिषदांतून मानसन्मान स्वीकारून त्यांना प्रयोगशाळेतच राहता आले असते. त्याऐवजी १९८८ मध्ये त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये एड्स संशोधन गट सुरू केला आणि स्वेच्छेने येणाऱ्यांसाठी चाचणी व समुपदेशनाची सोय केली. देशातील अशा प्रकारचा तो पहिलाच प्रयत्न होता. चाचणीपूर्वी माणसाला सर्व समजावून सांगावे, निष्कर्ष केवळ त्यालाच सांगावा आणि तो सांगितल्यानंतर त्याला एकटे सोडू नये, ही आज नियमावलीत समाविष्ट झालेली शिस्त त्यांच्या केंद्राने प्रत्यक्ष व्यवहारात आणली. सुधारगृहातील नमुने घेताना जे घडले नाही, ते यापुढे घडावे, असाच जणू हा प्रयत्न होता.

पती डॉ. व्हिक्टर यांना प्रारंभी हे काम पसंत नव्हते. समलिंगी पुरुष, अमली पदार्थांचे व्यसनी, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांच्यात पत्नीने वावरावे, याची त्यांना धास्ती वाटे. या माणसांच्या कहाण्या एकदा ऐकून घ्याव्यात, एवढाच सुनीती यांचा त्यावर आग्रह असे. कालांतराने विरोध मावळला आणि ते या कार्याचे खंबीर पाठीराखे झाले.

१९९३ साली सुनीती यांनी स्वतंत्र संस्था स्थापन केली आणि तिला आपल्या वडिलांचे नाव दिले : वाय. आर. गायतोंडे सेंटर फॉर एड्स रिसर्च अँड एज्युकेशन. वायआरजी केअर या संक्षिप्त नावाने ती जगभर ओळखली जाऊ लागली. ज्या आजाराचे नाव घेण्यास घरेदारे कचरत होती, त्या आजाराच्या केंद्रावर एका लेकीने आपल्या पित्याचे नाव कोरले, यातील धैर्य त्या काळाच्या संदर्भातच नीट उमगते. पुढे तरमणी येथील व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेस रुग्णालयाच्या आवारात संस्थेचा विस्तार झाला. बाह्यरुग्ण विभाग, प्रयोगशाळा, समुपदेशन, डॉक्टरांचे प्रशिक्षण आणि संशोधन असे सारे एका छताखाली आले.

एचआयव्ही विषाणू माणसाला थेट मारीत नाही. सीडी-४ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या पेशींचा तो नाश करतो आणि शरीराची दारे इतर संसर्गांसाठी उघडतात. या संधिसाधू संसर्गांचे स्वरूप देशागणिक बदलते. अमेरिकी ग्रंथांत न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाला अग्रस्थान होते. दक्षिण भारतातील रुग्णांची वर्षानुवर्षे काळजीपूर्वक नोंद ठेवणाऱ्या वायआरजी केअरच्या संशोधकांना वेगळे चित्र दिसले. त्यांनी ५९४ रुग्णांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. त्यात फुप्फुसाचा क्षयरोग हा सर्वांत मोठा घातक सोबती ठरला आणि त्याचे प्रमाण सुमारे निम्मे होते. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया आणि बुरशीमुळे होणारा मेंदूआवरणाचा दाह हे त्याच्या खूप मागे होते.

या निष्कर्षाला व्यावहारिक महत्त्व होते. भारतातील असंख्य माणसांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्तावस्थेत असतात. निरोगी माणसाला त्यापासून प्रत्यक्ष आजार होण्याचा धोका संपूर्ण आयुष्यात साधारण दहा टक्के असतो. एचआयव्हीबाधिताला मात्र जवळपास तेवढाच धोका दरवर्षी संभवतो. शिवाय दोन्ही आजारांची औषधे एकत्र देणे सोपे नव्हते. क्षयावरील रिफाम्पिसिन हे प्रमुख औषध यकृतातील विकरांना उत्तेजित करून नेव्हिरापीनसारख्या एचआयव्हीच्या औषधांचे रक्तातील प्रमाण घटवते. काही रुग्णांत एचआयव्हीचे उपचार सुरू होताच सावरलेली प्रतिकारशक्ती दडलेल्या जंतूंवर तुटून पडते आणि प्रकृती सुधारण्याऐवजी काही काळ अधिकच बिघडते. कोणते औषध आधी, कोणते नंतर, किती आठवड्यांच्या अंतराने, याची उत्तरे परदेशी पुस्तकांत सापडण्यासारखी नव्हती. ती येथील रुग्णांच्या निरीक्षणातूनच मिळवावी लागली.

संस्थेच्या आणखी एका अभ्यासाने समाजाच्या स्वप्रतिमेलाच धक्का दिला. चेन्नईत तपासलेल्या १३४ बाधित स्त्रियांविषयीचा हा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुसंख्य गृहिणी होत्या आणि दहांपैकी जवळपास नऊ जणींचा आयुष्यात पतीखेरीज कोणाशीही संबंध आलेला नव्हता. त्यांच्यापुरता धोका होता तो विवाह हाच. कुंकू आणि मंगळसूत्र हे या विषाणूविरुद्धचे कवच नाही, हे कटू सत्य आकड्यांनी समोर आणले. पतीच्या निधनानंतर सासरहून हाकलली गेलेली, मुलासह स्वतःही बाधित असलेली तरुण विधवा हे चित्र नव्वदच्या दशकात तमिळनाडूइतकेच महाराष्ट्रालाही परिचित झाले होते.

खानदेशही त्याला अपवाद नव्हता. मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरतेहून धुळे, जळगाव, नशिराबाद, भुसावळमार्गे नागपूरकडे जाणारा महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. दीर्घकाळ घरापासून दूर राहणारे मालमोटारींचे चालक आणि कामासाठी मोठ्या शहरांत जाणारे मजूर यांच्यामार्फत विषाणू शहरांतून खेड्यांतील घरांपर्यंत पोहोचू शकतो, हे ओळखून राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने या दोन्ही गटांसाठी स्वतंत्र मोहिमा आखल्या. महामार्गावरील ढाब्यांजवळ निरोधचे वाटप आणि आरोग्य तपासणी यांमागे मद्रासला १९८६ मध्ये मिळालेला धडाच होता : जेथे आजार नाही असे आपण मानतो, तेथेही शोध घ्यावा लागतो.

१९९६ मध्ये तीन औषधांचे एकत्रित उपचार यशस्वी ठरल्याचे जगासमोर आले. विषाणू एका औषधाला दाद देईनासा झाला, तरी उरलेली दोन त्याची वाढ रोखतात, असे त्यामागचे सूत्र. मरणाच्या दारातील माणसे उठून कामाला लागली. पण ती श्रीमंत देशांत. या उपचारांचा वार्षिक खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. चेन्नईतील केंद्रात औषध ठाऊक असूनही ते देता येत नाही, अशा विलक्षण कोंडीत डॉक्टर सापडले होते. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने हीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दर्शविली आणि परिस्थिती पालटू लागली. भारतीय बनावटीची स्वस्त औषधे खरोखर तितकीच परिणामकारक आहेत का, या शंकेला पुराव्यानिशी उत्तर देणाऱ्यांत वायआरजी केअरचे संशोधक होते. औषधांचे दुष्परिणामही त्यांनी बारकाईने नोंदविले : कोणाला अंगावर पुरळ, कोणाला रक्तक्षय, कोणाची गालफडे बसलेली. १ एप्रिल २००४ पासून केंद्र सरकारने निवडक आठ सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार सुरू केले. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक होते. आज धुळे आणि जळगाव येथील सरकारी रुग्णालयांतही ही औषधे विनामूल्य मिळतात.

संस्थेच्या संशोधनातील सर्वांत गाजलेला टप्पा २०११ साली आला. एक जोडीदार बाधित आणि दुसरा निरोगी अशा १,७६३ जोडप्यांचा नऊ देशांत अभ्यास सुरू होता. भारतात चेन्नईचे वायआरजी केअर आणि पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्यात सहभागी होत्या. बाधित जोडीदाराला प्रतिकारशक्ती फारशी खालावण्याआधीच औषधे दिली, तर दुसऱ्याला लागण टळते का, हा प्रश्न होता. बाधित जोडीदाराकडूनच झाल्याचे सिद्ध झालेल्या २८ संसर्गांपैकी २७ उशिरा उपचार मिळालेल्या गटातील होते, लवकर उपचार मिळालेल्या गटातील केवळ एक. लागणीचा धोका ९६ टक्क्यांनी घटला होता. निष्कर्ष इतका स्पष्ट होता, की तो मुदतीपूर्वीच जाहीर करण्यात आला. उपचार हाच प्रतिबंध, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. भारतानेही २०१७ पासून प्रत्येक बाधिताला निदान होताच औषधे देण्याचे धोरण स्वीकारले.

औषधांनी आयुष्य वाढले, तसे रुग्णांपुढचे प्रश्नही बदलले. तरुण बाधितांवर घरून लग्नासाठी दडपण येई. सत्य सांगावे तर बदनामी, लपवावे तर जोडीदाराचा विश्वासघात. सुनीती यांनी यावर उपाय शोधला. बाधित वधू-वरांच्या गाठी त्या स्वतः जुळवू लागल्या. शिक्षण, उत्पन्न, धर्म यांबरोबर सीडी-४ पेशींची संख्या आणि रक्तातील विषाणूंचे प्रमाण यांचाही मेळ त्या पाहत. योग्य उपचारांमुळे अशा दांपत्यांना निरोगी अपत्ये होऊ शकतात, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले होतेच. त्यांच्या या अनोख्या कार्यावर पुढे लव्हसिक हा माहितीपटही निघाला. सूक्ष्मदर्शकातून सुरू झालेला एका शास्त्रज्ञाचा प्रवास लग्नाच्या बोलणीपर्यंत यावा, हे वरकरणी विसंगत वाटते. परंतु रुग्ण बरा होणे म्हणजे त्याला माणसांत परत आणणे, अशी त्यांची धारणा होती.

२००६ मध्ये डॉ. व्हिक्टर यांचे निधन झाले. सुनीती यांचे काम थांबले नाही. २००९ मध्ये त्यांना केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा राष्ट्रीय महिला जैवशास्त्रज्ञ पुरस्कार मिळाला. कर्करोगाच्या आजाराने २८ जुलै २०१५ रोजी चेन्नईत त्यांचे देहावसान झाले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले. त्याच वर्षी संसदेने एचआयव्हीबाधितांविरुद्धच्या भेदभावाला मनाई करणारा कायदा संमत केला आणि सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. संमतीशिवाय चाचणी नाही, परवानगीवाचून वाच्यता नाही, आजाराच्या कारणाने नोकरी वा उपचार नाकारायचे नाहीत, ही त्यातील कलमे वाचताना सुधारगृहातील त्या सहा स्त्रियांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

भारतात आजही पंचवीस लाखांच्या आसपास माणसे या विषाणूसह जगत आहेत. त्यांपैकी बहुतेकांना डॉ. सुनीती सॉलोमन हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. मात्र रोज ठरलेल्या वेळी एक गोळी घेऊन कामाला जाणारा चालक, निरोगी बाळाला शाळेत सोडणारी आई आणि निष्कर्ष सांगताना दार लोटून घेणारा समुपदेशक यांच्या दिनक्रमात त्यांचे कार्य मिसळून गेले आहे.